सोमवारी गाडी शहाणी असते

२१ डिसेंबर, रविवार

गाडी बंद पडली की सगळे माझ्याकडे बघतात. जशी काय मीच तिच्या पोटात बसून कळ फिरवते. आज मार्गशीर्ष संपून पहिला रविवार. खारघरची माणसं महिनाभर दुधीभोपळा खाऊन वखवखलेली, सोसायटीच्या गेटवर पिशव्या घेऊन उभी असणार, आणि आम्ही मासळी भरून बेलापूरचा पूल उतरून सिग्नलला अडकलेलो. मागे हॉर्नवर हॉर्न. सून वैशालीनं सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र. फिरतो, पण पकडत नाही. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, आजी उतरा, वजन कमी होईल. म्हटलं, तू आधी तुझ्या सासूला उतरव.

मग बराच वेळ गेल्यावर आपोआप चालू. कोणी हात लावला नाही, काही नाही. मनात आलं म्हणून चालू.

गेटवर पोचलो तर आठव्या मजल्यावरची बाई कोंबडी घेऊन परत चाललेली. म्हणाली, आजी, तुमचा भरवसा नाही हो आता. तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन फिरले तेव्हा भरवसा होता. गाडी आली आणि भरवसा गेला.

मध्या संध्याकाळी ड्युटीवरून आला, बूट काढायच्या आधी बोलला. तुर्भ्याला एक माणूस हाय, जुन्या गाड्या घेतो. विकून टाकू. "आये, तू आता घरी बस. टीवी बघ."

टीवी बघ. मेल्या, तुला जन्म देऊन दुसऱ्या आठवड्याला जेट्टीवर गेलेले मी.


२२ डिसेंबर, सोमवार

धंदा नाही. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देव सगळे भाजीवाल्याच्या बाजूचे.

म्हणून गाडी गॅरेजला न्यायची ती सोमवारीच. काल परत आल्यावर वैशालीनं नेहमीसारखी साबणानं धुतली, दारं उघडी टाकून उन्हात वाळवली, आत उदबत्ती फिरवली. शिरवण्याचा गॅरेजवाला इरफान एकदा बोलला होता की तुमच्या गाडीच्या वासानं बाकीचे गिऱ्हाईक पळतात. तेव्हापासून त्याच्याकडे नेताना नवरी दाखवायला नेल्यासारखी नेतो.

त्यानं प्लग काढले, पुसले, घातले. बॅटरीला यंत्र लावलं. हवेचा फिल्टर झटकला, मग म्हणाला नवीनच टाकतो. रस्त्यावर फेरी मारून आला. "आजी, मक्खन हाय गाडी."

मी बाकड्यावर बसून होते. वै. त्याच्या शेजारी उभी राहून सगळं बघत होती. तिला यातलं कळायला लागलंय. चाळिशीला आली तेव्हा गाडी शिकली, गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, तरी शिकली. तो गुण मी तोंडावर कधी बोलले नाही. बोललं की डोक्यावर बसतात.


२४ डिसेंबर, बुधवार

मक्खन वितळलं. तोच पूल, तोच उतार, तोच सिग्नल.

उतारावर बर्फाचं पाणी मागच्या क्रेटमधून वाहत पुढे येतं, माझ्या पायापर्यंत. चपला काढून बसते मी. सवयीनं पाय वर घेतले, आणि पाय खाली ठेवीपर्यंत इंजिन गप्प.

चिंबोऱ्या मागे खरडत होत्या. तेवढाच आवाज.


२६ डिसेंबर, शुक्रवार

शेजारची यमी आली सल्ला द्यायला. पुलाच्या तोंडाशी कोणीतरी गेलंय म्हणे, ते गाडी अडवतं. लिंबू-मिरची बांध. मी म्हटलं यमे, मेलेलं माणूस सुटून गेलं, ते परत सिग्नलला कशाला उभं राहील. पण वै. नं बांधली. कोणाकोणाशी भांडू.

बंद पडली. लिंबू हलत होतं नुसतं.


२९ डिसेंबर, सोमवार

परत इरफान. आज म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी असेल, टाकी रिकामी केली. पाणी निघालं नाही. मग म्हणाला पंप कमजोर असेल. पंप बदलला. गाडी सकाळपासून चालू करून ठेवली त्यानं, तासन् तास. एकदा खोकली नाही. त्याचा काय दोष. खोकतच नाही त्याला काय औषध देणार.

नात तनू, खारघरच्या कॉलेजात आहे, तिनं मोबाईलमध्ये बघून गाडी बंद पडायची कारणं वाचून दाखवली. वाचता वाचता तिचा चहा गार झाला. मला एवढंच कळलं की गाडीलाही माणसासारखं काहीही होऊ शकतं.

तिला विचारलं, तू आमच्या गाडीतून कॉलेजला का जात नाहीस गो, वाटेतच आहे. ती म्हणाली, आजी प्लीज. एवढंच म्हणाली.


३१ डिसेंबर, बुधवार

लिहायचं नव्हतं.

आज वर्षाचा शेवट, रात्रीच्या जेवणाच्या ऑर्डरी आठवड्यापासून घेतलेल्या. सुरमई, कोळंबी, आपल्या खाडीचा जिताडा, तो तर मी नाखव्याच्या पाया पडून राखून ठेवलेला. गाडी काठोकाठ. बर्फ नेहमीपेक्षा जास्त, वर माझ्या हातानं मीठ.

पूल. उतार. गप्प.

या खेपेला उठलीच नाही. ऊन चढलं. बर्फ गेला. वै. खाली उतरून ढकलायला लागली, दोन पोरं आली हात लावायला, वासानं परत फिरली. खारघरहून फोनवर फोन, ती सगळ्यांना आलोच, आलोच. दुपार झाली तेव्हा मी सांगितलं फोन बंद कर. कोळंबीचं डोकं काळं पडलं की सांगून उपयोग नाही.

ती परत आत येऊन बसली. दोन्ही हात स्टेअरिंगवर. गाडी बंद, तरी हात स्टेअरिंगवर. म्हणाली, "आये, मी थकली."

म्हटलं, थकून कुठं जाणार. क्रेन बोलव.

अर्धा माल वस्तीत वाटला. फुकट मिळालं की सगळे म्हणतात म्हातारी मनाची मोठी.


२ जानेवारी, शुक्रवार

गेलो नाही. मध्यानं चावी खिशात घातली. तुर्भ्याच्या माणसाशी बोलला. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन करणार, हो म्हटलं की येऊन गाडी नेणार.

मी म्हटलं, आणि धंदा? तो म्हणाला, कसला धंदा आये, रस्त्यावर बसून माश्या मारता दोघी.

मी पायरीवर बसले. समोरचा टॉवर बघितला. मग मागचा टॉवर बघितला. मग उठून परत आत. परत बाहेर. यमी म्हणाली, मुंग्या चावतात का गो. हे असं मेलेपर्यंत करायचं? गुडघे गेलेत, टोपली उचलत नाही. गाडी आहे म्हणून मी खारघरला मागच्या दारात कोयता घेऊन बसते, माणसं बघते, भाव करते, दोन शिव्या देते दोन खाते. गाडी गेली की मी या पायरीची.


६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी

आज कोण मासे खाणार. मध्या म्हणाला चावी घ्या, गणपतीला जाऊन या, जाता जाता बंद पडली तर तिथंच सोडा.

वस्तीतल्या बायका भरल्या मागे, उलट्या क्रेटवर पदर टाकून बसल्या. यमी नाकाला हळदीकुंकवाचा रुमाल लावून. म्हणते, कोळणीच्या जातीला वास येतो म्हणायची पाळी आली. सगळ्यांचं वजन धरलं तर मासळीच्या दुप्पट. मी मनात म्हटलं आज पूल चढते की नाही बघू.

चढली. उतार आला. मी सवयीनं पाय वर घेतले.

आणि खाली बघितलं. कोरडं.

सिग्नलला थांबलो. इंजिन चालू. सिग्नल सुटला, गेलो. गणपतीपर्यंत गेलो, परत आलो, परत तोच पूल. एकदाही नाही. बायका मागे आरती म्हणतायत, यमी ओरडते, बघितलंस, बाप्पा पावला.

बाप्पाला दुसरी कामं आहेत. मी माझे पाय बघत होते. मासे नाहीत, बर्फ नाही, पाणी नाही, आणि गाडी बंद नाही.

मग डोक्यात आलं ते आलं आणि मला तिथंच हसू फुटलं. आम्ही येड्या. दर सोमवारी तिला धुवायची, वाळवायची, उदबत्ती दाखवायची आणि इरफानच्या दारात उभी करायची. पोराला हगवण लागली असताना न्यायचं नाही, बरं झालं की आंघोळ घालून डॉक्टरकडे न्यायचं, आणि वर म्हणायचं डॉक्टरला काही सापडत नाही.

वै. ला सांगितलं. तिनं गिअर टाकला. मग हळूच म्हणाली, "उद्या बुधवार हाय."


७ जानेवारी, बुधवार

माल थोडाच भरला. बर्फ भरपूर. मीठ नेहमीचं. आणि खारघरला न जाता सरळ शिरवण्याला.

इरफान बाहेर येऊन नाक धरून उभा. आजी, आज क्यूं, आज तो बुधवार. म्हटलं बाला, आज ती आजारी आहे म्हणून आणली. त्याच्या गल्लीला उतार आहे, तोंड खाली करून उभी करायला लावली. इंजिन चालूच ठेवलं.

सांगितलं त्याला, पाण्यानं होतं. त्यानं डोकं हलवलं. "आजी, पाऊस में पण चालतात गाड्या. पानी से काय होत नाय." आणि ते दाखवायला नळाची बादली भरून आणली, मागून ओतली. पाणी वाहत पुढे आलं, सीटखाली गेलं. इंजिन चालू. दुसरी बादली. चालू. गॅरेजातले दोघे हसायला लागले. वै. माझ्याकडे बघायला लागली. एकदा वाटलं घरी जावं. पायरी बघावी.

पण मग मला राग आला. म्हटलं हे नळाचं पाणी. आमच्या गाडीत नळाचं पाणी कधी असतं? क्रेटच्या तळाशी साचलेलं पाणी डब्यात काढलं, तसंच, खवल्यांसकट, आणि सीटखाली ओतलं.

इंजिन एकदा खोकलं. परत खोकलं. गप्प.

कोणी हसलं नाही. वै. नं सेल्फ मारला. घर्र घर्र. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

इरफान म्हणाला, "इसमें डाला क्या हाय?"

"मीठ. जाडं."

सासूची पद्धत. बर्फावर मूठभर मीठ मारलं की गारवा जास्त राहतो, मासा ताठ राहतो. डोक्यावर टोपली होती तेव्हा तेच पाणी माझ्या पाठीवरून गळायचं. पाठ कधी बंद पडली नाही.

त्यानं सीट उचलली. या गाडीचं इंजिन सीटखालीच असतं. खाली रबराची चटई, ती वै. नंच गोंद लावून बसवलेली, पाणी खाली जाऊ नये म्हणून. कडेनं जातच होतं. चटई फाडली. खाली वायरींचा एक जोड. इंजिनाला खबर देणारा सेन्सर असतो म्हणे, त्याचा. शिळ्या भाकरीवर बुरशी येते तसा पांढरा-हिरवा झालेला. खारं पाणी लागलं की खबर चुकते, इंजिन बावचळतं, गप्प बसतं. वाळलं की शहाणं. त्या ३१ ला मीठही जास्त आणि पाणीही जास्त, म्हणून उठलं नाही.

इरफान म्हणाला, सोमवारी आनत होते तुमी, मी काय बघनार. म्हटलं, आम्ही सोमवारी आणतो कारण तू नाक धरतोस. चहा त्यानं सांगितला.


९ जानेवारी, शुक्रवार

जोड नवीन टाकला. वायर वर उचलून बांधली, सीटच्या पाठीशी. क्रेटखाली पत्र्याचे ट्रे, पाणी आता मागेच पडतं, नळी बाहेर.

पूल, उतार, सिग्नल. मी पाय वर घेतले. उगाच.

मध्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तूच गाडी मारत होतीस आये."

हो, मीच. मीठ माझं. मग?

सापडलं ते बरं झालं, एवढं म्हणाला. मला वाटलं जिंकले.


११ जानेवारी, रविवार

गाडी पाण्यासारखी गेली. आठव्या मजल्यावरची बाई आली, हलवा मासा घेतला, आणि भाव केला नाही. भाव न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही, पण आज चालेल.

घरी आले तर मध्या फोनवर. हसत हसत बोलत होता. हो हो, फॉल्ट काढला, नवीन पंप हाय, सगळं नवीन, चालवून बघा, मक्खन.

तुर्भ्याच्या माणसाला सांगत होता. चालत्या गाडीला भाव चांगला येतो.

म्हणजे मी तीन आठवडे डोकं फोडून गाडी बरी केली ती त्याला विकायला. बंद पडत होती तेव्हा निदान कोणी उचलत नव्हतं.


१२ जानेवारी, सोमवार

वै. मागे क्रेट घासत होती. मी पायरीवरून सांगितलं, तू आज नवऱ्याला सांग, गाडी द्यायची नाही. तू चालवतेस, तू सांगितलंस तर ऐकेल. मी सांगितलं की म्हातारीचा हट्ट होतो.

ती घासत राहिली. परत सांगितलं. मग ब्रश खाली ठेवला तिनं.

"आये, तो म्हनतो इक, तुमी म्हनता नको इकू. गाडीचं बुधवारी काय होतं, सोमवारी काय होतं, तुमी सगळं बघितलं. माझं बुधवारी काय होतं ते कोनी इचारलं?"

मी म्हटलं, विचारते. सांग.

तनूच्या कॉलेजजवळ मुलींचं वसतिगृह आहे, तिथं जेवणाचं काम बघायला बाई पाहिजे. दिवाळीपासून विचारतायत तिला. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरात बोललीही नाही. मी रोज तिच्या शेजारच्या सीटवर बसते, पाय वर घेऊन, आणि मला पत्ता नाही.

मग तुला काय पाहिजे गो, नीट बोल. वसतिगृह पाहिजे?

म्हणाली, ठाऊक नाय. मग म्हणाली, गाडी चालवायला आवडते. पहाटे पामबीचवर कोनी नसतं तेव्हा तर खूप. मासळी नाय आवडत. लगीन झालं तेव्हापासून नाय आवडत.

कोळ्याच्या घरात वीस वर्षं काढून हे सांगते. मला वाटलं ओरडावं. ओरडले नाही, गुडघा दुखत होता.

मासळी नको तर गाडी कशाला, आणि गाडी नको तर माझं काय. तिला हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती माझ्यासाठी हो म्हणाली असती. ती तशी आहे. आणि मग परत एक दिवस पुलावर, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

तिनं क्रेट उन्हात मांडले. मी आत आले. बाहेर गेले. आत आले.


१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगुळ वाटले. बुधवार असून धंदा नाही, सणाचा. उद्या किंक्रांत, मटण-मासळी खायचा दिवस, ती यंदा गुरुवारी आली, म्हणजे खाणारे पण गोंधळलेले.

किंक्रांतीला चांगला व्यवहार कोणी करत नाही. यमीनं हे मध्याला ऐकू जाईल असं दोनदा सांगितलं, मी न सांगता. तुर्भ्याच्या माणसाला त्याचं काय. तो सकाळी फोन करणारच.

संध्याकाळी मध्याला समोर बसवलं. त्याला वाटलं मी रडणार. रडायला मला गाडी लागत नाही. म्हटलं, तुझं मत कळलं, माझं तुला कळलं. दोघांची मतं डब्यात घालून ठेव. तो म्हणाला, आये, गाडी माझ्या नावावर हाय. म्हटलं, नावावर तर हे घर माझ्या हाय, मी कधी बोलले?

वै. दारात उभी होती, हातात तिळाच्या वड्यांचं ताट. ताट खाली ठेवलं नाही. बघत होती, इरफाननं सीट उचलली तेव्हा बघत होती तशी.

काय म्हणेल माहीत नाही. देऊन टाकते म्हणाली तर मी या पायरीची, ते मी आजच मोजून ठेवलंय. नाही म्हणाली तर मासळीसाठी नाही, एवढं नक्की. रिकामीच चालवणार का काय, देव जाणे. मी पुढच्या सीटवर बसेन की नाही तेही तिनंच ठरवायचं.

हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजला लावते, म्हणजे सकाळी घाईत कोणी विसरलो म्हणायला नको. तुर्भ्याचा फोन आला की मध्यानं मोबाईलला हात लावायचा नाही. मीही लावणार नाही. वाजू दे कितीही. वैशालीनं उचलायचा, आणि वैशालीनंच उत्तर द्यायचं.